चौथा खडा

"थांबा, कुलूप लावू नका," शैलजा म्हणाली आणि चपला काढून परत घरात गेली.

मी किल्ली हातात धरून पायरीवर उभा राहिलो. मे महिन्याचे दिवस, सकाळीच अंगणातली फरशी तापायला लागली होती. गाडीत मागच्या सीटवर आमची गौतमी कधीची जाऊन बसली होती. तिची अकरावी नुकतीच संपली होती, आणि बारावीनंतर कुठं जायचं ते आधीच ठरवावं म्हणून आम्ही तिला कॉलेजं दाखवायला निघालो होतो. शैलजा बाहेर आली तेव्हा तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"काय विसरलं होतं?"

"तिघं निघालोय ना. चौथा खडा घेतला."

आमच्याकडं महत्त्वाच्या कामाला तिघं मिळून निघत नाहीत. तीन तिगाडा, काम बिगाडा. निघावंच लागलं तर एखादी सुपारी नाहीतर खडा बरोबर घ्यायचा, तो चौथा. काम झालं की वाटेत टाकून द्यायचा. माझं इस्लामपुरात ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान आहे. पार्ट एक तर बसतो नाहीतर बसत नाही, यापलीकडं माझा फारसा कशावर विश्वास नाही. पण एका खड्यासाठी बायकोशी वाद घालण्याइतका मी खुळाही नाही.

"मग चौथ्या साहेबांना पुढं बसवायचं की मागं?"

"मागं. गौतमीजवळ." ती हसली नाही. गाठोडं तिनं हलक्या हातानं सीटवर ठेवलं, आणि गौतमी सरकून खिडकीला चिकटून बसली. सुपारीएवढ्या गाठोड्याला तिनं अख्ख्या माणसाची जागा दिली, तेव्हा मला त्याचं हसू आलं.

आता सांगायलाच हवं. गौतमीच्या वरची आमची थोरली मुलगी स्नेहल, बारावीची परीक्षा देऊन तापाचं निमित्त होऊन गेली. आठवडासुद्धा काढला नाही. तिला आर्किटेक्ट व्हायचं होतं. कोल्हापूरचं एक, पुण्याचं एक आणि वाईजवळचं एक अशी तीन कॉलेजं तिनं निवडून ठेवली होती आणि मे महिन्यात ती बघायला जायचं ठरलं होतं. ते राहिलं. त्यानंतर दोन वर्षं शैलजा घरात होती एवढंच. भाकरी थापायची, धुणं वाळत घालायची, विचारलं तर हो किंवा नाही. आणि त्या पाडव्याला ती आपणहून म्हणाली, "सुट्टीत गौतमीला कॉलेजं दाखवून आणू." माझ्या जिवात जीव आला. मग तिनं नावं सांगितली. तीच तीन.

गौतमीला सरळ रेघ ओढता येत नव्हती. वहीत समास आखायचा तरी तो खाली जाईपर्यंत तिरका व्हायचा. मी तिच्याकडं बघितलं.

"चालेल," ती म्हणाली.

बहीण गेल्यापासून ती हा एकच शब्द बोलत होती. मला ते खटकलं, नाही असं नाही. पण शैलजा त्या दिवशी ताटात दुसऱ्यांदा आमटी वाढून घेत होती. मी मूग गिळून बसलो.

कोल्हापूरचं कॉलेज सुट्टीमुळं सामसूम होतं. ऑफिसातल्या माणसानं वर्ग दाखवले, माहिती दिली, आणि आम्ही कॅन्टीनमध्ये येऊन बसलो. दुपारचे बारा वाजत आले होते. मी तीन चहा सांगितले. कॅन्टीनवाल्यानं चार आणले.

"तीन सांगितलेले की हो."

"चौथा त्या ताईंचा न्हवं का?" तो म्हणाला. "त्या काय, भाईर झाडाखाली हुब्या हाईत. मघाधरनं इमारतीकडं बघाय लागल्यात. म्हटलं तुमच्यातल्याच."

मी वळून बघितलं. बाहेर गुलमोहर होता, खाली त्याची सावली होती, आणि सावलीत कुणी नव्हतं. "असेल दुसरी कुणीतरी," मी म्हटलं आणि तो जादा कप स्वतःकडं ओढला.

"तो ठेवा," शैलजा म्हणाली.

"वाया कशाला घालवायचा?"

"ठेवा म्हटलं ना."

उठताना माझं सहज त्या कपाकडं लक्ष गेलं. चहावर साय धरली होती, आणि ती कुणीतरी बोटानं एका बाजूला सारून कपाच्या कडेला लावलेली होती. स्नेहलला साय आवडायची नाही. चहाची असो, दुधाची असो, ती अशीच बोटानं सारून कडेला लावायची, आणि मी त्यावरून तिला रागवायचो. गौतमीनंही तो कप बघितला. माशी बसली असेल, असं मी मनाला सांगितलं. माशी साय सारत नाही हे मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या कॉलेजात तिथंच शिकणारी एक मुलगी आम्हाला हिंडवत होती. मोठी चुणचुणीत पोर. स्टुडिओ म्हणजे काय, रात्ररात्र जागून मॉडेल कशी करतात, खिडक्या मुद्दाम उत्तरेला कशा ठेवल्यात म्हणजे ऊन कधीच आत येत नाही, सगळं उत्साहानं सांगत होती. फक्त ती बोलताना गौतमीकडं बघत नव्हती. गौतमीच्या जरा उजवीकडं बघत होती. मध्येच मान हलवायची, "हो हो, ते पण शिकवतात," म्हणायची. आमच्यापैकी कुणी काही विचारलेलं नसायचं.

शैलजा तिच्या मागून चालली होती आणि तिचा चेहरा बघून मला भरून आलं. दोन वर्षांत मी तिला असं बघितलं नव्हतं. गालावर रंग आला होता, पावलं उचलून टाकत होती.

जिन्यापाशी ती मुलगी मला म्हणाली, "काका, तुमची मोठी किती बारीक प्रश्न विचारते हो. धाकटी मात्र अगदीच गप्प."

"कोण मोठी?"

"आत्ता वर स्टुडिओत गेली ना. या, दाखवते."

"मी बघून येतो," मी म्हटलं आणि एकटाच वर गेलो.

लांबलचक हॉल होता. सुट्टी म्हणून सगळी स्टुलं टेबलांवर उलटी ठेवलेली होती आणि त्यांच्यावर धूळ बसली होती. खिडकीजवळचं एकच स्टूल खाली उतरवलेलं होतं, टेबलाशी ओढून घेतलेलं. मी त्याच्यावर हात ठेवला. लाकूड गरम होतं. उन्हानं तापलं असेल म्हणावं, तर ऊन तिथं येतच नाही हे मला आत्ताच सांगितलं होतं. मी हात खिशात घातला आणि जिना उतरून खाली आलो.

त्या संध्याकाळी लॉजच्या गॅलरीत गौतमी माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. आत शैलजा अंथरुणं घालत होती आणि चक्क गुणगुणत होती.

"पप्पा, मी बारीक झालेय का?"

"प्रवासानं वाटतं तसं. का गं?"

"मघाशी जेवताना वेटरनं तिघांची ऑर्डर घेतली."

"मग? तिघंच आहोत की आपण."

"तुमची, आईची, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीची. माझी नाही घेतली. मी दोनदा हाक मारली त्याला. शेवटी तुम्ही तुमच्या ताटातलं मला दिलंत, आठवतंय?"

मला आठवत होतं. भूक नाही म्हणून तिनं काही मागवलं नसेल अशी मी समजूत करून घेतली होती. ती म्हणाली, "पप्पा, घरी जाऊ या ना." दोन वर्षांत तिनं पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. आत शैलजाचं गुणगुणणं चालू होतं. "उद्या एकच राहिलंय," मी म्हटलं. "मग घरीच."

"चालेल," गौतमी म्हणाली.

सकाळी पुण्याहून निघालो. खंबाटकी घाटाच्या अलीकडं एका हॉटेलात मिसळ खाल्ली. मी हात धुऊन आलो, शैलजा पुढं बसलीच होती. "चला," ती म्हणाली. मी आरशात बघितलं, मागं कुणीतरी बसलेलं दिसलं, गाडी काढली. घाट चढून पलीकडं उतरलो आणि फोन वाजला. शैलजानं उचलून माझ्या कानाला लावला.

"पप्पा," गौतमीचा आवाज आला. "मी इथंच आहे. हॉटेलात."

मी गाडी कडेला घेतली तेव्हा मागून येणारा ट्रक शिव्या देत गेला. मागची सीट रिकामी होती. फडक्यातलं गाठोडं तेवढं होतं, मधोमध. मी शैलजाकडं बघितलं. तिला धक्का बसलेला नव्हता. "अगंबाई, राहिली का ती," ती म्हणाली, छत्री राहिली म्हणावं तशी. मी परत गेलो. गौतमी रस्त्याच्या कडेला उन्हात उभी होती. रडत नव्हती. दार उघडून बसली आणि मला म्हणाली, "मी गाडीमागं धावले. हात केला. तुम्ही आरशात बघितलंत, पप्पा."

तेव्हाच गाडी इस्लामपूरला न्यायला हवी होती. पण वाईचा फाटा आला आणि शैलजा म्हणाली, "इकडं," आणि मी वळवली. माणूस आपल्याच हातांकडं परक्यासारखा बघतो तसं झालं होतं माझं.

ते कॉलेज महामार्गापासून बरंच आत होतं. दगडी इमारत, आजूबाजूला ऊस, आणि टळटळीत दुपार. ऑफिसात एक वयस्कर बाई होत्या, वसतिगृह त्यांच्याकडंच होतं. "या, बसा," म्हणून त्यांनी टेबलासमोरच्या खुर्च्या दाखवल्या. एका बाजूला मी बसलो, दुसऱ्या बाजूला शैलजा. मध्ये एक खुर्ची राहिली. गौतमी तिच्यावर बसायला पुढं आली आणि थबकली. दाराजवळच उभी राहिली. शैलजानं उतरताना गाठोडं पर्समध्ये घेतलं होतं; ती पर्स आता मांडीवर होती आणि तिचा एक हात आत होता.

बाईंनी पाण्याचे तीन पेले भरले. एक मला, एक शैलजाला. तिसरा त्यांनी मधल्या खुर्चीसमोर ठेवला आणि त्या खुर्चीकडं बघून मायेनं हसल्या. "दमलेली दिसतेस. घे, पाणी घे."

"मॅडम," दारातून गौतमी म्हणाली. "मॅडम, मी..."

बाईंनी मानसुद्धा वळवली नाही. कागद पुढं ओढला आणि मला विचारलं, "मुलीचं नाव?"

मी तोंड उघडलं. देवाशप्पथ सांगतो, मला गौतमीचंच नाव सांगायचं होतं. ते नाव शोधलं आणि ते सापडेना. तिथं ते नव्हतंच. माझ्या तोंडून बाहेर पडलं, "स्नेहल."

"छान," बाई खुर्चीकडं बघत म्हणाल्या. "स्नेहल, वसतिगृह बघणार ना?"

शैलजाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"पप्पा!" मागून किंकाळी आली. "माझं नाव सांगा! पप्पा, माझं नाव सांगा ना!"

मी उठलो तशी माझी खुर्ची मागं पडली. "गौतमी," मी म्हटलं. मग मोठ्यानं म्हटलं. मग ओरडलो. बाई दचकून दाराकडं बघायला लागल्या. "अगंबाई, ही कोण? ही कधी आली?" आणि मग मधल्या रिकाम्या खुर्चीकडं बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांना काय सांगणार? मी शैलजाचा दंड धरला, गौतमीला पुढं घातलं आणि बाहेर आलो.

"दाखव तो खडा," मी पोर्चमध्ये म्हटलं.

"कशाला?"

"दाखव."

तिनं फडकं सोडलं. काळा चपटा खडा होता, मधून पांढरी शीर गेलेला. तो मी ओळखला. आज इतक्या वर्षांनीही हजार खड्यांतून ओळखेन. स्मशानात खांद्यावर मडकं घेऊन चितेभोवती फिरतात आणि दर फेरीला एका खड्यानं मडक्याला भोक पाडतात. स्नेहलच्या वेळी तो खडा माझ्याच पायाजवळचा उचलून गुरुजींनी मागून मारला होता. तोच पुढं जीवखडा. गेलेल्या माणसाचा जीव दहा दिवस त्याच्यात आहे असं धरायचं, त्याला पाणी द्यायचं, आणि दहाव्याला नदीत सोडायचा. आमच्या परसात सीताफळीच्या फांदीला तो दहा दिवस पंच्यात बांधून ठेवला होता, आणि दहाव्या दिवशी मी स्वतःच्या हातानं कृष्णेत सोडला होता.

"मी सोडलाय हा," मी म्हटलं.

"तुम्ही सोडलात तो कुंडीतला," शैलजा शांतपणे म्हणाली. "आदल्या रात्री मी बदलला."

"दोन वर्षं घरात ठेवलास?"

"मग काय करू? तिचं कॉलेज बघायचं राहिलं होतं. म्हटलं, एवढं दाखवते आणि मग सोडते." तिनं खडा ओंजळीत धरला. "पण आता नाही सोडणार. तिला आवडलंय इथं. राहू दे की. गौतमी येईलच पुढच्या वर्षी. दोघी एका खोलीत राहतील. मला काळजी नाही मग."

"आणि मी, आई?" गौतमीनं विचारलं.

"तू आहेसच की तिच्याबरोबर."

ती हे अगदी साधेपणानं म्हणाली. एक मुलगी मी तापात घालवली होती. दुसरी माझ्या डोळ्यांदेखत, दिवसाउजेडी, रोज थोडी थोडी पुसली जात होती, आणि पुसणारे आम्ही दोघं होतो. मी दोघींना गाडीत बसवलं आणि वाईच्या घाटावर आणलं.

भर दुपारी घाटावर चिटपाखरू नव्हतं. धोम धरणातून पाणी सोडलेलं होतं, त्यामुळं पात्र भरून वाहत होतं. शैलजा शेवटच्या पायरीवर बसली. वाटेत तिनं विरोध केला नव्हता, पण मूठ मात्र आवळून धरली होती.

"सोड," मी म्हटलं.

"नाही हो सुटत."

मी तिची बोटं उलगडायला गेलो. त्या उन्हात तिचा हात बर्फगार होता, आणि तिचीच नव्हे तर आणखी कुणाची तरी बोटं आतून धरून बसलीत असं मला वाटलं. मी हात मागं घेतला. खरं सांगायचं तर मी घाबरलो. ती माझीच लेक होती आणि मी तिला घाबरलो, याचं मला फार वाईट वाटलं.

गौतमी सलवार वर न करताच पाण्यात उतरली. गुडघाभर पाण्यात आईसमोर उभी राहिली. तिनं आईच्या मुठीवर आपला हात ठेवला आणि वाकून, आईशी नव्हे, त्या मुठीशी बोलली.

"ताई, तिन्ही कॉलेजं बघून झाली. छान होती. आता तू जा."

आमच्यात निघणाऱ्याला कुणी जा म्हणत नाही. दारात उभं राहून ये म्हणायचं, आणि जाणाऱ्यानंही येतो म्हणायचं. तो उघडा शब्द ऐकून माझ्या अंगावर सरसरून काटा आला. शैलजानं झटक्यात मान वर केली, जणू कुणी तिच्या थोबाडीत मारली होती.

"असं म्हणू नये गं."

"म्हणायला हवं, आई. आपण कुणी म्हटलंच नाही तिला." गौतमी आता रडत होती, पण आवाज स्पष्ट होता. "ताई, मला तू खूप आठवतेस. पण मी तुझी जागा धरून बसू शकत नाही आणि तू माझी घेऊ नकोस. जा तू."

पाण्याचा आवाज तेवढा येत होता. मग शैलजाची मूठ उघडली. खडा पडला, आणि पडल्याचा आवाज आला नाही. पाण्यावर एक वर्तुळसुद्धा उठलं नाही. शैलजा आपल्या उघड्या पंजाकडं बघत राहिली.

"मी नाही सोडला," ती म्हणाली. "तिनं हात सोडवून घेतला. लहान असताना घ्यायची तसा."

मग तिनं वर बघितलं. समोर पाण्यात उभ्या असलेल्या गौतमीकडं ती कितीतरी वेळ बघत होती, लांबच्या गावाहून आल्यावर माणूस घरातल्या माणसांकडं बघतं तशी. ओल्या हातानं तिनं गौतमीचा गाल चाचपला, मग गळ्याजवळचं वर आलेलं हाड, मग मनगट.

"अगं, किती वाळलीस गं तू?" ती म्हणाली. "कधीपासून?"

"दोन वर्षं झाली, आई," गौतमी म्हणाली.